मिठीकाठचे अरण्य : सरहद्द, उकिरडा आणि उद्यान

१/ मुंबईत शीव आणि वांद्रे यांना जोडणाऱ्या रस्त्याला लागून एक दाट हिरवा पट्टा आहे. दक्षिणेस रस्त्यापलीकडे धारावी, उत्तरेस मिठी नदी आणि नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारती. क्षेत्रफळ सुमारे ३७ एकर. अधिकृत नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी माहीम निसर्ग उद्यान.

२/ आत शिरल्यावर रस्त्याचा गोंगाट हळूहळू मागे पडतो. झाडांच्या दाटीतून पायवाटा जातात, फुलझाडांवर फुलपाखरे भिरभिरतात, वर घारी घिरट्या घालतात आणि नदीकडच्या बाजूस तिवरांची रांग दिसते. प्रथमच येणाऱ्यास वाटावे की शहर वाढत असताना एखादा प्राचीन वनखंड येथे सुदैवाने शिल्लक राहिला असावा.

३/ वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या झाडांची मुळे ज्या जमिनीत उतरली आहेत, ती जमीन महानगराच्या कचऱ्याची आहे. १९७७पर्यंत येथे उकिरडा होता. पायाखालच्या मातीच्या थराखाली मुंबईने कित्येक वर्षे फेकून दिलेले सर्व काही दडलेले आहे. हे अरण्य मुंबईपेक्षा जुने नाही. ते अवघे चार दशकांचे आहे.

४/ येथे इतिहासाच्या अभ्यासकासमोर एक साधा प्रश्न उभा राहतो. ज्या शहरात हातभर जागेसाठी भांडणे होतात, त्या शहराच्या भौगोलिक मध्याजवळ नदीकाठची ३७ एकर जागा आधी उकिरड्याला आणि मग उद्यानाला मिळालीच कशी? ती इतकी वर्षे कोणालाच का नको होती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अठराव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. हा धागा त्याच प्रवासाचा.

५/ आरंभ एका नावापासून करू. इंग्रजीत ज्याला ‘सायन’ म्हणतात त्या गावाचे मराठी नाव शीव. शीव म्हणजे गावाची हद्द, सीमा. मुंबई बेटाची हद्द येथे संपत होती; पुढे खाडी, खाजण आणि त्यापलीकडे साष्टी. साष्टी हे नाव ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावे यावरून आले असे मानतात. इंग्रजांनी त्याचेच ‘साल्सेट’ केले.

६/ मिठी नदी आज नकाशावर एका रेषेसारखी दिसते. जुन्या काळी तिचे मुख म्हणजे भरती-ओहोटीने रोज रूप पालटणारे विस्तीर्ण खाजण होते. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, काठाने तिवरांची झाडी आणि जागोजागी मिठागरे. या पाण्याच्या आधाराने धारावीचे कोळी मासेमारी करीत. धारावीचा कोळीवाडा मुंबईच्या मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक गणला जाई.

७/ १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसई, साष्टी व मुंबई हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांवर एकच सत्ता होती. मिठी ही सरहद्द नव्हती. ती सरहद्द झाली एका विवाहामुळे. १६६१च्या करारानुसार पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या विवाहात मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास आंदण देण्यात आली.

८/ पण ‘मुंबई’ म्हणजे नेमके काय? करारातील या एका शब्दावर पुढे मोठा वाद झाला. पोर्तुगीजांच्या मते माहीम मुंबईत मोडत नव्हते. १६६५ साली बेटाचा ताबा घेणाऱ्या हम्फ्री कुक या इंग्रज अधिकाऱ्याने माहीमही आपल्या हाताखाली घेतले. अशा रीतीने माहीमची खाडी दोन युरोपीय सत्तांमधील सीमा बनली. १६६८ साली राजाने ही बेटे वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस दिली.

९/ सीमा आली की पहारे येतात. पश्चिमेस माहीमचा किल्ला, पूर्वेस शिवेचा किल्ला आणि या दोहोंच्या मध्ये धारावीजवळ एक छोटेखानी दुर्ग, रिवा किल्ला. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात. शिवेचा किल्ला १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर जेरल्ड आँजियरच्या कारकिर्दीत उभा राहिला. उत्तरेकडून येणाऱ्या शत्रूला खाडीवरच रोखणे हे या रांगेचे प्रयोजन होते.

१०/ ही भीती काल्पनिक नव्हती. १६८९ साली सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली. त्याचे लोक शिवडीला उतरले. माझगाव आणि माहीम त्याच्या हाती पडले आणि इंग्रजांना मुंबईच्या कोटात कोंडून बसावे लागले. १६९०च्या मध्यावर सिद्दी परतला, पण बेटाची उत्तर बाजू किती उघडी आहे याचा धडा कंपनीला मिळाला होता.

११/ आता काळ्या किल्ल्याच्या भिंतीवरील शिलालेखाकडे वळू. हा दुर्ग मुंबईचा प्रेसिडेंट व गव्हर्नर हॉर्न याच्या आज्ञेने १७३७ साली बांधल्याचे त्यात नमूद आहे. जॉन हॉर्न १७३४ ते १७३९ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. मराठ्यांच्या इतिहासाची ओळख असलेल्या वाचकास १७३७ हा आकडा वाचताच थबकावे लागेल.

१२/ कारण मार्च १७३७ मध्येच चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टीची मोहीम सुरू केली. ठाण्याचा किल्ला पडला आणि साष्टीचा बहुतेक भाग पाहता पाहता मराठ्यांच्या ताब्यात आला. खाडीच्या उत्तर काठावर कालपर्यंत मोडकळीस आलेली पोर्तुगीज सत्ता होती. आज तेथे हिंदुस्थानातील सर्वांत जोमदार सैन्य येऊन ठाकले होते. काळ्या किल्ल्याचा शिलालेख आणि साष्टीची मोहीम यांचे साल एकच असणे हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

१३/ इंग्रजांनी या युद्धात पोर्तुगीजांना भरघोस मदत करण्याचे टाळले. वसईचा वेढा कठीण झाला तेव्हा तेथून पैशाची मागणी आली. मुंबईने कर्ज दिले ते चर्चमधील चांदी आणि तोफा तारण ठेवून घेऊन. शेजाऱ्याचे घर जळत असताना व्यापारी कंपनीने हिशेबाची वही मिटली नव्हती.

१४/ वांद्र्याच्या टोकावरील पोर्तुगीज किल्ल्याची कथा याहून बोलकी आहे. तो मराठ्यांच्या हाती पडला असता तर त्यावरील तोफा माहीमच्या खाडीवर रोखल्या गेल्या असत्या. म्हणून इंग्रजांनीच आग्रह धरला आणि १७३९ साली तो पोर्तुगीजांकडून पाडून घेण्यात आला. आज वांद्र्याला जे अवशेष दिसतात त्यांच्या पडझडीस केवळ काळ जबाबदार नाही. मराठ्यांची धास्तीही जबाबदार आहे.

१५/ मे १७३९ मध्ये वसई पडली. त्याच वर्षीच्या जुलैत कॅप्टन इंचबर्डने कंपनीच्या वतीने मराठ्यांशी तह केला आणि पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवली. तेथून पुढे सुमारे ३५ वर्षे मिठीच्या मुखाचा उत्तर काठ मराठ्यांचा आणि दक्षिण काठ इंग्रजांचा होता. म्हणजे आज जेथे उद्यान आहे, तो काठ पेशवाईच्या अगदी समोरासमोर होता.

१६/ डिसेंबर १७७४ मध्ये, पुण्यातील गृहकलहाचा लाभ उठवत, इंग्रजांनी ठाणे व साष्टी जिंकून घेतली. १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. खाडीच्या दोन्ही काठांवर पुन्हा एकच सत्ता आली आणि सरहद्दीचे काम संपले. किल्ल्यांवरच्या पहाऱ्यांना पाहण्यासारखे काही उरले नाही. काळा किल्ला इतिहासाच्या कडेला ढकलला गेला.

१७/ सीमा पुसली की पूल येतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, शीव आणि साष्टी यांना जोडणारा बांधरस्ता झाला. पश्चिमेस माहीम-वांद्रे मार्गावर मात्र लोक तरीतूनच ये-जा करीत. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा बांधरस्ता खुला झाला. त्यावर पथकर घेऊ नये, ही त्यांची अट होती.

१८/ या बांधरस्त्यांचे माणसांवर उपकार झाले. नदीवर मात्र तसे म्हणता येत नाही. भरतीच्या पाण्याची मोकळी वाट अरुंद झाली. त्याच शतकात नदीचे वरचे अंगही अडवले गेले. मुंबईची तहान भागवण्यासाठी १८६० साली विहार तलाव पूर्ण झाला, पुढे तुळशी आणि पवई आले. आज मिठीचा उगम सांगताना विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून आरंभ करावा लागतो. पावसाळा सोडला तर नदीला वरून येणारे स्वच्छ पाणी उरले नाही.

१९/ आता मूळ प्रश्नाचे उत्तर उलगडू लागते. सरहद्दीची जमीन कोणी वसवत नाही. खाजणात घर बांधत नाहीत. म्हणून शहर दक्षिणेकडून वाढत आले तेव्हा शिवेजवळचा हा पट्टा शेवटपर्यंत ‘बाहेरचा’ राहिला. आणि शहराला जे नकोसे असते ते नेहमी शिवेबाहेर जाते. गावगाड्याच्या रचनेत हे सूत्र मराठी वाचकास नवे नाही. गावकुसाबाहेर कोणाला ठेवले जाई आणि का, हे सांगण्याची गरज नसावी.

२०/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वांद्र्याच्या कत्तलखान्यामागोमाग कातडी कमावण्याचा धंदा धारावीत रुजला. तमिळ प्रदेशातून आलेले कारागीर त्यात स्थिरावले. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांना शहराने एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत शेवटी धारावीत आणून सोडले. तोच आजचा कुंभारवाडा. वास, धूर, चामडे, भट्टी, हे सारे शहराला हवे होते, पण नजरेआड हवे होते.

२१/ कचरा हा याच मालिकेतील पुढचा दुवा. धारावीच्या उत्तरेचे खाजण मुंबईच्या घाणीने भरत गेले. कोळ्यांची मासेमारी या भरावाने आणि नदीत सोडलेल्या मैल्याने क्षीण होत गेली. पाण्याच्या जागी जमीन ‘तयार’ झाली, असे सरकारी भाषेत म्हणता येईल. मात्र ती जमीन तयार होताना एक नदीमुख आणि एक उपजीविका संपत होती. ही हानी कोणत्याही जमाखर्चात मांडली गेली नाही.

२२/ १९७५ साली मुंबई महानगर प्रदेशासाठी विकास प्राधिकरण स्थापन झाले. मिठीच्या उत्तर काठावरील खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारण्याचे काम १९७७ साली त्याच्याकडे आले. त्याच सुमारास दक्षिण काठावरचा उकिरडा बंद झाला. जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेने तेथे निसर्ग उद्यान करण्याची कल्पना मांडली आणि ती मान्य झाली. एकाच नदीच्या दोन काठांवर, एकाच काळात, दोन परस्परविरोधी भविष्ये आखली गेली.

२३/ कचऱ्यावर झाड लावणे वाटते तितके सोपे नसते. कुजणाऱ्या थरांतून वायू बाहेर पडतात, उष्णता निर्माण होते, जमीन असमान खचत राहते. मुळांना धरायला माती नसते आणि पाण्याबरोबर विषारी द्रव्ये वर येतात. म्हणून आधी बाहेरून माती आणून पसरावी लागते. काटक, झपाट्याने वाढणारी झाडे प्रथम लावावी लागतात. त्यांचा पाचोळा कुजून माती सुधारली की मग नाजूक जाती तग धरतात. हे काम वर्षांचे नाही, दशकांचे असते.

२४/ १९८३ साली वृक्षारोपणास प्रारंभ झाला. त्या आरंभाशी जोडलेले नाव आहे डॉ. सालिम अली. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या पक्षिशास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या विणीचे जे निरीक्षण केले, ते आजही त्या विषयातील मूलभूत काम मानले जाते. उकिरड्यावर रोप लावण्यासाठी उभे राहिले तेव्हा त्यांचे वय ८६ होते.

२५/ त्या दिवशी तेथे पक्षी पाहायला गेलेल्यास कावळे आणि घारींखेरीज फारसे काही दिसले नसते. सालिम अली जून १९८७ मध्ये निवर्तले. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी. ज्या सावलीचा आरंभ त्यांच्या हातून झाला, ती सावली त्यांना अनुभवता आली नाही. झाड लावणाऱ्यांच्या इतिहासात असे प्रसंग अपवाद नव्हेत. तोच नियम आहे.

२६/ आज येथे शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. खंड्या, बगळे, तांबट, कोतवाल, सुभग असे पक्षी डोळसपणे फिरणाऱ्यास भेटतात. पावसाळ्यानंतर फुलपाखरांची रेलचेल असते. त्यांत महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले काळे-निळे ‘नीलवंत’ही दिसू शकते. नदीकडच्या चिखलात तिवरे आपापल्या श्वसनमुळांवर उभी आहेत.

२७/ मात्र एक गोष्ट स्पष्टपणे समजून घ्यावी. याला ‘निसर्गाचे पुनरुज्जीवन’ म्हणणे पूर्णतः अचूक नाही. येथे पूर्वी जे होते ते भरतीच्या पाण्यातले खाजण होते. आज आहे ते कोरड्या जमिनीवरचे मिश्र वन. जुने परत आलेले नाही. जुन्याच्या थडग्यावर काहीतरी नवे, जिवंत आणि उपयुक्त उभे राहिले आहे. दोहोंतला हा फरक विसरला, तर ‘खाजण बुजवा, नंतर झाडे लावू’ हा युक्तिवाद फार सोपा होतो.

२८/ उद्यानाचे दुसरे अंग म्हणजे शिक्षण आणि लागवड. येथे रोपवाटिका आहे, औषधी वनस्पतींचा विभाग आहे, पावसाचे पाणी साठवण्याची व्यवस्था आहे. शाळांची मुले येथे येऊन ओल्या कचऱ्यापासून खत कसे होते ते पाहतात. ज्या जमिनीचा जन्मच कचऱ्यातून झाला, तेथे हा धडा शिकवला जावा, यात एक औचित्य आहे.

२९/ या धड्याला महाराष्ट्रात स्वतंत्र परंपरा आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून थोड्या जागेत, घरच्या पालापाचोळ्यातून माती घडवून भाजीपाला पिकवण्याचा विचार मांडला. मुंबई-पुण्यातील अनेक गच्च्यांवर आज फुलणाऱ्या सामूहिक परसबागांच्या मुळाशी तो विचार आहे. माती विकत आणायची वस्तू नसून घडवायची वस्तू आहे, हे त्याचे सार. मिठीकाठच्या उद्यानात तेच सार ३७ एकरांवर पाहावयास मिळते.

३०/ २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी आपली जुनी पात्रे आठवावीत तशी कुर्ला, कलिना, वांद्रे परिसरात पसरली. शेकडो माणसे दगावली. ज्याला निम्मे शहर नाला समजत होते तो प्रवाह नदी आहे, हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी प्रथमच कळले.

३१/ या आपत्तीची कारणे शोधण्यासाठी ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन झाले. तिवरांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली निर्बंध घातले आणि २०१८ साली अंतिम निकालात ते अधिक ठाम केले. बांधरस्ते, भराव, अतिक्रमणे आणि संकुले यांनी दोन शतकांत आवळलेल्या नदीचा हिशेब निदान कागदावर मांडला जाऊ लागला.

३२/ पण धोका पुरात वाहून गेला नाही. २०१८च्या सुमारास धारावी पुनर्विकासाच्या क्षेत्रात या उद्यानाचाही समावेश झाल्याचे लक्षात आले आणि नागरिकांनी जोरदार हरकत घेतली. उद्यान प्रकल्पाबाहेर राहील असे शासनाला स्पष्ट करावे लागले. तेव्हाचा प्रश्न सुटला. मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. जी जागा दोनशे वर्षे कोणालाच नको होती, ती आता प्रत्येकालाच हवी आहे.

३३/ या वादाकडे ‘झाडे विरुद्ध घरे’ एवढ्याच दृष्टीने पाहणे अन्यायाचे ठरेल. रस्त्यापलीकडच्या धारावीत हजारो कुटुंबे दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. शहराचा कचरा वेचून, निवडून, पुन्हा वापरात आणण्याचे काम याच वस्तीत चालते. म्हणजे कचऱ्यावर उगवलेले उद्यान आणि कचऱ्यावर जगणारी वस्ती समोरासमोर आहेत. दोघांनाही शहराने एकाच हाताने शिवेबाहेर ढकलले होते.

३४/ म्हणून उद्यान वाचवणे आणि धारावीकरांना माणसासारखे घर मिळणे या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी नाहीत. धारावीतील मुलाला चालत जाता येईल असे मोठे मोकळे वन हे एकच. ते गेले तर नुकसान प्रथम त्याचे होईल. गाडीतून दूरच्या डोंगरावर जाऊ शकणाऱ्याचे नव्हे. मोकळ्या जागेची गरज घराच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात वाढते.

३५/ आणि काळा किल्ला? उद्यानापासून तो दूर नाही. वस्ती आणि इमारतींनी त्याला चहूबाजूंनी वेढले आहे. एकेकाळी पाण्यावर नजर ठेवण्यासाठी बांधलेला हा दुर्ग आता कोरड्या जमिनीत अडकला आहे. त्याच्या आत वेळोवेळी कचरा साचतो, हौशी दुर्गप्रेमी तो काढतात, पुन्हा साचतो. जवळच्या बेस्टच्या आगाराला त्याचे नाव आहे, पण बसमधून उतरणाऱ्या किती जणांना किल्ला ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

३६/ राजगड-रायगडाच्या वाऱ्या करणाऱ्या तरुण दुर्गप्रेमींनी या लहानशा दुर्गाकडेही एकदा पाहावे. येथे पराक्रमाची गाथा घडली नाही. येथून एकही मोठी लढाई लढली गेली नाही. पण चिमाजी आप्पांच्या मोहिमेने मुंबईच्या गव्हर्नराची झोप कशी उडवली होती, याचा दगडात कोरलेला पुरावा येथे आहे. शत्रूने धास्तीपोटी बांधलेली भिंत हेही विजयाचेच एक स्मारक असते.

३७/ एखाद्या हिवाळी सकाळी हा फेरफटका करता येईल. शिवेच्या टेकडीवरील किल्ल्यावरून उत्तरेकडे पाहावे, मग काळ्या किल्ल्याचा शिलालेख वाचावा आणि शेवटी उद्यानात जाऊन नदीच्या बाजूस उभे राहावे. समोरच्या काचेच्या इमारतींच्या जागी खाजण, आणि खाजणापलीकडे साष्टीत मराठ्यांची ठाणी कल्पून पाहावीत. २८० वर्षांचा इतिहास अर्ध्या दिवसाच्या चालण्यात उलगडतो.

३८/ सरहद्द, खाजण, कातडी, कचरा, वन. या पाच टप्प्यांतून जाताना जमीन तीच राहिली. तिच्याकडे पाहण्याची शहराची दृष्टी तेवढी बदलत गेली. ती दृष्टी पुन्हा बदलू शकते, दोन्ही दिशांनी. १९८३ साली जेथे एकही सावली नव्हती, तेथे आज अरण्य आहे. ते उभे राहायला चाळीस वर्षे लागली. नाहीसे व्हायला एक अधिसूचना पुरेल. हे लक्षात ठेवणे, एवढे काम इतिहासाच्या वाचकाकडे उरते.

(धागा समाप्त)